लाल ओळी

2023 च्या पावसाळ्यातील ती रात्र मला अजून आठवते. बडोद्यातील आमच्या वस्तीत एक लहानसे वाचनालय आहे. तेथील पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवणारी एक आज्ञावली मी जावा या संगणकभाषेत लिहिली होती. संगणकाच्या सायंवर्गातील तो माझा अखेरचा प्रकल्प होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षकांसमोर तो स्वतःच्या संगणकावर चालवून दाखवायचा होता.

माझे वय तेव्हा एक्केचाळीस होते. नववीत असताना सहामाहीचा गणिताचा पेपर लाल शाईने भरून हाती आला, तेव्हा तो न उघडताच मी दप्तरात कोंबला होता. वार्षिक परीक्षेला मी बसलेच नाही. शाळा सुटली ती कायमचीच.

रात्री नऊच्या सुमारास मी एक्लिप्समध्ये प्रकल्प उघडला आणि टॉमकॅट हा सर्व्हर सुरू करण्याची आज्ञा दिली. पहिलाच निरोप आला : 8080 क्रमांकाचे पोर्ट आधीच वापरात आहे. पोर्ट म्हणजे सर्व्हरचे दार. एकाच दारात दोघांना उभे राहता येत नाही. दुपारी सुरू केलेला सर्व्हर बंद करायचा राहून गेला होता. तो बंद केला. सर्व्हर सुरू झाला; पण माझा प्रकल्प काही उघडेना. पडद्याच्या खालच्या भागात लाल अक्षरांच्या ओळींवर ओळी धावू लागल्या.

माझ्या पोटात गोळा आला. मी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. एक्लिप्स काढून पुन्हा बसवले. दोन तास गेले. अखेर 'मला हे जमणार नाही' असे शिक्षकांना कळवावे म्हणून फोन हाती घेतला. शेजारी अभ्यास करीत बसलेली मुलगी म्हणाली, "आई, पण त्यात लिहिलंय तरी काय?"

मी निरुत्तर झाले. एवढ्या वेळात मी त्यातली एकही ओळ वाचली नव्हती.

मग वाचू लागले. बहुतेक ओळी कोणी कोणाला बोलावले एवढेच सांगत होत्या. 'कॉज्ड बाय', म्हणजे 'या कारणाने', अशा शब्दांनी सुरू होणारी शेवटची ओळ मात्र स्पष्ट होती : 'जावाएक्स डॉट सर्व्हलेट' या नावाने सुरू होणारा एक वर्ग सापडत नाही. वर्गातील संगणकांवर टॉमकॅट 9 होता आणि मी घरी नुकताच टॉमकॅट 10 बसवला होता. उलगडा तेथेच झाला. ओरॅकल कंपनीने 2017 मध्ये जावाचा हा विभाग एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवण्याचे ठरवले; पण 'जावा' या नावाचे हक्क स्वतःकडेच ठेवले. म्हणून विभागाचे नाव 'जकार्ता' झाले आणि 2020 मध्ये आतली नावेही बदलली. टॉमकॅट 10 फक्त नवी नावे ओळखतो. माझी आज्ञावली त्याला जुन्या नावाने हाक मारीत होती.

जुना टॉमकॅट बसवूनही भागले असते. पण वाचनालयाला हे काम पुढे अनेक वर्षे वापरायचे होते. म्हणून मी नावेच बदलायची ठरवली. घाईने सगळीकडे 'जावाएक्स' पुसून 'जकार्ता' लिहिले, तर नव्या चुका उभ्या राहिल्या! या वेळी लगेच वाचले. 'जावाएक्स डॉट एसक्यूएल' हा मूळ जावाचाच भाग आहे. त्याचे नाव बदललेले नाही. ते पूर्ववत केले, सर्व्हलेटचा नवा संच जोडला आणि पुन्हा आज्ञा दिली. पडद्यावर पुस्तकांची यादी उमटली, तेव्हा साडेबारा वाजले होते.

सकाळी परीक्षकांसमोर प्रकल्प नीट चालला. त्या लाल ओळी मला रागावत नव्हत्या. नेमके कुठे अडले आहे, एवढेच सांगत होत्या. ते ऐकून घेण्याइतके धैर्य माझ्यात यायला मात्र सत्तावीस वर्षे लागली.

नववीचा तो पेपर आता कुठे असेल कोण जाणे! त्यात माझे कोणते गणित चुकले होते, हे मला कधीच कळले नाही.