शाळेच्या मागचं शेडनेट

"नीट शिक, नाहीतर माझ्यासारखं रानात राबावं लागेल." आमच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या पोरांनी हे वाक्य घरात शंभरदा ऐकलेलं असतं. बापाच्या तोंडी ते मायेपोटीच येतं. पण त्याने शाळेच्या फाटकापाशी एक रेघ ओढली जाते. आत पुस्तक, बाहेर रान. पालक सही करायला येतात, निकाल न्यायला येतात, वर्गाच्या दाराशी चपला काढून उभे राहतात. तुम्हाला काय काय येतं, असं त्यांना शाळेत कुणी विचारत नाही. मागच्या पडीक तुकड्यावर रोपांसाठी शेडनेट उभारायचं ठरलं, तेव्हा मात्र विचारल्यावाचून गत्यंतरच नव्हतं.

आखणीला नववीतल्या एका मुलीचे वडील आले. गवंडीकाम करतात, पोरं लगेच त्यांना मामा म्हणू लागली. त्यांनी कोपऱ्यात खुंटी ठोकली, एका दोरीवर सहा फुटांची खूण केली, दुसरीवर आठ फुटांची. मग दोन खुणांमधलं अंतर टेपवर बरोबर दहा भरेपर्यंत ते दुसरी दोरी बोट-बोट सरकवत राहिले. "बसलं गुण्यात."

"सर, हा तर पायथागोरस!" मागून कुणीतरी ओरडलं. लगेच दुसऱ्याची शंका: "मग मामा, तीन-चार-पाच का नाही घेतलं?" मामांनी मान वर न करता सांगितलं, "बारक्या मापात केसभर चुकलं, तर तिकडं टोकाला वीतभर जातं. माप मोठं धरावं." पुस्तकात त्रिकुट आहे, दोरी केवढी घ्यावी, हे नाही. ते या माणसाच्या हातात होतं, आणि त्याची मुलगी टेपचं दुसरं टोक धरून उभी होती.

हरितगृह म्हटलं की चित्रात काचेचं घर दिसतं. ते थंड मुलखाचं. ऊन आत येतं, जमीन तापते, तापलेल्या हवेला बाहेर जायला वाट मिळत नाही, म्हणून ऊब टिकते. आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. एप्रिल-मेचं ऊन कोवळ्या रोपांसाठी निम्म्यावर आणायचं, एवढंच काम. म्हणून वर पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी, बाजूंना बारीक छिद्रांची चाळीस मेशची, आणि एकामागे एक दोन दारं. दोन दारं कशाला, हे एका मावशींनी सांगितलं तसं मला सांगता आलं नसतं. टोमॅटोची पानं आकसून गोळा होतात, त्याला रानात बोकड्या म्हणतात. तो विषाणू पांढरी माशी वाहून आणते. "पयलं दार लावल्याबिगर दुसरं उघडायचं न्हाई," एवढा नियम त्यांनी घालून दिला आणि पोरं तो परवच्यासारखा पाळतात.

शाळेने असं शिकवावं, हा विचार जुना आहे. 1937 साली वर्ध्याला नई तालीमची मांडणी झाली, तेव्हा हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी ठेवला होता. पुढे डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळला आले आणि 1983 साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शेती, अभियांत्रिकी, ऊर्जा, घर आणि आरोग्य, हे सारं हातांनी करत शिकायचं आणि गावाला लागणारी कामंही करून द्यायची. मला त्यातलं हे गावाचं काम फार मोलाचं वाटतं. काम खरं असलं की चूकही खरी असते, आणि ती लाल शाईने खोडता येत नाही.

काही जण विचारतात, शेतकऱ्याच्या पोराला पुन्हा मातीतच का ढकलता? मी कुणालाच ढकलत नाही. टेप धरणाऱ्या त्या मुलीला इंजिनियर व्हायचंय, तिने जरूर व्हावं. फक्त आपल्या बापाला जे येतं तेही ज्ञान आहे, हे तिला शाळेतच कळावं. बाहेर पडल्यावर ते कुणी सांगेलच, असं नाही.

ट्रे भरायला आज्या येतात. कोकोपीट भिजवून मुठीत दाबायचं: लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. गळालं तर ओल जास्त, आणि मर लागून रोपं बुडातूनच कोलमडणार. आजी दाबून दाखवते, मग शेजारच्या पोराच्या मुठीवर आपली मूठ ठेवून पुन्हा दाबते. हे प्रमाण मी वहीत कसं लिहून देणार?

सध्या पालकसभेत वाद आहे तो पावसाळ्याचा. जाळीतून पाणी गळतं, ट्रे भरून जातात. वर प्लॅस्टिक टाकलं तर ते वारा धरणार, आणि पाइपांचा पाया नुसत्या जाळीच्या हिशोबाने घेतलेला. निम्मे म्हणतात टाका, निम्मे म्हणतात नको. "आधी पाया उकरून बघू, मग भांडा," असं मामांनी सांगितलंय. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर दहावीची मुलं त्यांच्याबरोबर कोपऱ्यातला पाइप उकरून खोली मोजणार आहेत.