भूत, नवरा आणि हिशेब

प्रेमाचा त्रिकोण म्हटला की आपल्याला तीन माणसं, सहा गाणी आणि शेवटी एकाचा त्याग एवढं तरी लागतं. मणी कौल यांनी १९७३ साली काढलेल्या 'दुविधा'त तिघं आहेत खरे, पण ते एकमेकांशी बोलायला फारसे तयार नाहीत. शिवाय तिसरा माणूस नाहीच, भूत आहे!

मे महिन्यातल्या एका रविवारी आमच्या हिने मला हा चित्रपट एका फिल्म सोसायटीत नेऊन दाखवला. ८२ मिनिटं. बँकेच्या काउंटरवर तेवढ्या वेळात निदान वीस जण मला चार शब्द ऐकवून जातात. इथं नवरी फक्त बघते. मधूनच चित्र थबकतं. मला वाटलं, मशीन अडकलं. मागच्या दाढीवाल्यानं "श्श" केलं. वास्तविक मी बोललो नव्हतो, खुर्ची बोलली होती.

गोष्ट मात्र झकास. राजस्थानी लेखक विजयदान देथा यांची. लग्न लागून वऱ्हाड परत निघालंय. नवरीला वाटेत रानातली फळं खावीशी वाटतात. नवरदेव म्हणतात, ही गावंढळांनी खायची. ते लग्नखर्चाचा हिशेब करताहेत. (माझी सहानुभूती तिथंच त्यांच्याकडे गेली. कुणीतरी टॅली करायला नको?) घरी पोचताच स्वारी पाच वर्षांसाठी व्यापाराला रवाना. इकडे झाडावरचं भूत नवरीवर भाळतं आणि नवऱ्याचं रूप घेऊन घरात शिरतं. बापाला सोनं मिळतं, तो चौकशी करत नाही. आमच्याकडे खातं उघडायला फोटो, आधार, पॅन, सगळं लागतं. तिथं चेहरा जुळला, रक्कम जमा झाली, काम संपलं. नवरीला मात्र भूत खरं काय ते सांगतं. ती त्याला ठेवून घेते.

मग खरा नवरा परततो. एकासारखे एक दोन! एक धनगर युक्तीनं भुताला चामड्याच्या पखालीत शिरायला लावतो आणि तोंड आवळतो. प्रकरण मिटलं. सगळं ठाऊक असलेल्या त्या बाईला कुणी एका शब्दानं विचारत नाही. अहो, सही जुळली नाही तर आम्हीसुद्धा खातेदाराला फोन करतो!

अमोल पालेकरांनी २००५ साली याच गोष्टीचा 'पहेली' केला. त्यात गाणी आहेत, शाहरुख खान आहे आणि भूत शेवटी सुटतं. मी हिला म्हटलं, "तो बघायला हवा होता. बाईला हवं ते मिळतं तरी."

"काय हवं होतं तिला?"

"भूत."

"फळं," ही म्हणाली.

पुढे दोन बसस्टॉप आम्ही दोघं 'दुविधा'सारखे चाललो. कोपऱ्यावर एक बाई करवंदांची पाटी घेऊन बसली होती. मी भाव विचारायच्या आत हिने पैसे देऊनही टाकले.