थोमाचे आठ दिवस

श्रद्धेवर लिहिलेले लेख बहुतेक दोनच प्रकारचे असतात. एकात लेखक देवाच्या पायाशी बसलेला असतो, दुसऱ्यात देवाला घराबाहेर काढून मोकळा झालेला असतो. माझ्यासारखी माणसं या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतात. रविवारी चर्चला जातात, सगळ्यांबरोबर गातात, आणि प्रार्थना चालू असताना मध्येच मनात येतं, पलीकडे ऐकतंय का कुणी? अशा मधल्या माणसांविषयी फारसं लिहिलं जात नाही. म्हणून हा प्रपंच. आणि त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर निपाणीला यावं लागेल.

मी गोव्याची, कॅथलिक घरातली. आमच्याकडे संध्याकाळी तेर्स असायचा, फेस्ताला नवे कपडे असायचे, आणि देवाविषयी प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. आजीला लॅटिन प्रार्थना तोंडपाठ होत्या. 1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकांच्या भाषेत मिस्सा म्हणायची वाट मोकळी केली, तरी आजी आपली जुनंच पुटपुटत राहिली. अर्थ विचारला तर म्हणायची, "देवाक कळटा, पुरो." जे कळतच नाही त्यावर शंका तरी कशी घेणार?

माझ्या मावशीचं लग्न मात्र निपाणीच्या एका मराठी प्रॉटेस्टंट घरात झालं. त्यावरून दोन्हीकडे रुसवेफुगवे झाले, मग ते निवळलेही. असो. मे महिन्यात आम्ही मुलं चोर्ला घाटातून बेळगावला आणि तिथून तवंदीचा घाट ओलांडून निपाणीला जायचो. गाव जवळ आलं की आधी तंबाखूचा वास यायचा. तो वास निपाणीच्या हवेत, कपड्यांत, वह्यापुस्तकांत, सगळीकडे.

तिथलं चर्च पाहून मी पहिल्यांदा खट्टू झाले होते. ना मूर्ती, ना मेणबत्त्या. पांढऱ्या भिंती, लाकडी बाकं, पुढे एक साधा क्रूस. पण पेटी आणि तबला सुरू झाला आणि मी चकित झाले. हे तर भजन! आमच्या गावात शेजारच्या देवळातून ऐकू यायचं तसंच. ना. वा. टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो आपले ओवी-अभंग सोडून नव्हे, बरोबर घेऊन. त्यांची भक्तिगीतं आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात. खरं म्हणजे आम्हा गोवेकरांना यात नवल वाटायचं कारण नव्हतं. फादर थॉमस स्टीफन्सनी मराठी ओव्यांत रचलेलं ख्रिस्तपुराण 1616 साली आमच्याच रायतूरला छापलं गेलं होतं. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांवर बंदीचा हुकूम काढला, आणि आमच्या चर्चमधून मराठी हळूहळू ओसरली. आमचंच विसरलेलं काहीतरी मला निपाणीत ऐकायला मिळत होतं.

गंमत म्हणजे माझ्या शंका तिथेच सुरू झाल्या. उपासनेतला शब्द न् शब्द कळत होता ना! पाळकसाहेब प्रार्थनेत पाऊस मागायचे, आजाऱ्यांना बरं कर म्हणायचे, आणि मी मनात हिशेब ठेवायचे. गेल्या वर्षी ज्यांच्यासाठी प्रार्थना केली त्यातले किती उठले, किती गेले? प्रार्थना पहिल्यांदाच समजू लागली होती आणि पहिल्यांदाच पटत नव्हती.

चर्च म्हणजे काही सगळा वेळ श्रद्धा आणि शंका नव्हे. बाकी कारभारच जास्त असतो. छप्पर गळतंय, पेटीचा भाता फाटलाय, शब्बाथशाळेच्या नाटकात मरिया कुणी व्हायचं यावरून दोन घरांत अबोला आहे. कापणीच्या सणाला लोक पहिलं पीक घेऊन यायचे. भोपळे, ऊस, भुईमुगाच्या शेंगा, एखादी कोंबडी. उपासनेनंतर त्यांचा लिलाव व्हायचा आणि चार आण्यांची कोथिंबीर हसतहसत दहा रुपयांना जायची. एका वर्षी एका शेतकऱ्याने तंबाखू आणला. आता तंबाखू देवापुढे ठेवावा का? पंचांमध्ये खल झाला. शेवटी विडी वळणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई मागून म्हणाल्या, "आमी दर रविवारी दानात टाकतोय ते पैसं कशाचं हैत मग?" तंबाखू ठेवला गेला.

माझे काका त्या चर्चचे खजिनदार. शाळामास्तर, हिशेबाला चोख. घंटा वाजवायचं कामही त्यांच्याकडेच होतं. मी कॉलेजात असताना त्यांची धाकटी मुलगी, माझी मावसबहीण, तापाचं निमित्त होऊन आठ दिवसांत गेली. एकोणीस वर्षांची होती. सगळं चर्च तिच्यासाठी प्रार्थना करत होतं.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं काकांनी प्रभुभोजन घेतलं नाही. भाकरीचं ताट समोर आलं की ते शेजाऱ्याकडे सरकवायचे. गीतालाही तोंड उघडायचे नाहीत. पण घंटा एकाही रविवारी चुकली नाही आणि हिशेबाची वहीही नाही. मला वाटलं होतं की पाळकसाहेब त्यांना बोलावून उपदेश करतील, निदान खजिनदारी तरी काढून घेतील. तसलं काही झालं नाही. त्या विडीवाल्या बाई मात्र आपली जागा सोडून काकांच्या बाकावर येऊन बसू लागल्या. काही बोलायच्या नाहीत. ताट काकांकडून त्यांच्याकडे जायचं.

पुष्कळ वर्षांनी मी धीर करून विचारलं, "काका, विश्वासच उरला नव्हता तर जात का होता?"

काका म्हणाले, "अगं, थोमाला सगळे नावं ठेवतात. पण योहानाचा विसावा अध्याय नीट वाच. येशू पहिल्यांदा शिष्यांना भेटला तेव्हा थोमा तिथं नव्हता. परत भेटला तो आठ दिवसांनी. मग ते आठ दिवस थोमा कुठं होता? त्यांच्यातच की! हाताने चाचपल्याशिवाय मी मानणार नाही, असं तोंडावर सांगून त्यांच्यातच राहिला होता. आणि त्यांनीही त्याला घालवला नाही बघ."

"आणि मग तुम्हाला उत्तर मिळालं?"

"नाही मिळालं. एका रविवारी भाकरी घ्यावीशी वाटली, घेतली."

परंपरा सांगते की भारतात शुभवर्तमान घेऊन आला तो हाच थोमा. बाराजणांतला नेमका शंकेखोर आपल्या वाट्याला आला, याचं मला अलीकडे बरं वाटतं.

नंतर माझं वाचन वाढलं तसे असे आठ दिवस काढणारे आणखी भेटले. लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्यापाठोपाठ लगेच बाप्तिस्मा घेतला नाही. पाच वर्षं घेतली. 'स्मृतिचित्रे' वाचताना दिसतं की आधी त्यांच्या मनातली शिवाशिव गेली, मग धर्म बदलला. मदर तेरेसांची खाजगी पत्रं 2007 साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा जगाला कळलं की या बाईने कित्येक वर्षं देव जाणवत नसताना काम केलं होतं. काहींना तो ढोंगीपणा वाटला. मला निपाणीची घंटा आठवली.

काका आता नाहीत. मावसभाऊ बेळगावात असतो, म्हणून माझं जाणंयेणं चालू आहे. कॅथलिक पंचांगात 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस आणि 2 नोव्हेंबर मृतांचा. बेळगावात 1 नोव्हेंबरला आणखी दोन अर्थ आहेत. 1956 साली याच दिवशी राज्यपुनर्रचना झाली, म्हणून कन्नड लोकांचा तो राज्योत्सव आणि मराठी लोकांचा काळा दिवस. रस्त्यावर एकीकडे लाल-पिवळे झेंडे आणि दुसरीकडे काळ्या फिती. चर्चमध्ये दोन्हीकडची माणसं येतात. कोकणी, मराठी, कन्नड, इंग्रजी, ज्याची त्याची मिस्सा वेगळी. सीमेचं भांडण काही तिथे सुटत नाही. पण दुसऱ्या दिवशी कबरस्तानात फुलं न्यायला सगळे येतात, आणि शेजारच्या कबरीवरची मेणबत्ती वाऱ्याने विझली तर ती पेटवताना आतल्या माणसाची भाषा कुणी विचारत नाही.

एवढ्या मोठ्या भांडणासकट माणसं एका आवारात राहू शकतात, तर माझ्या शंकेला तिथे जागा का नसावी? मी अजूनही प्रार्थनांचा हिशेब ठेवते, आणि तो अजूनही जुळत नाही. तरी रविवारी जाते. कुणी विचारलंच तर सांगते, माझे आठ दिवस चालू आहेत.