खाचरातला धोंडा

मामाच्या घरामागच्या खाचरात म्हशीएवढा काळा धोंडा आहे. नांगर त्याला वळसा घालून जातो, लावणीला आलेल्या बायका त्यावर डबे ठेवतात. लहानपणी आम्ही त्यावरून चिखलात उड्या मारायचो. तो तिथे कसा आला, हे मी कधी विचारलं नाही.

गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. मागल्या पडवीत बसलं की सह्याद्रीचा कडा भिंतीसारखा समोर येतो.

२२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या दिवसांत महाबळेश्वरला चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला होता. मामाचं घर वाचलं, पण वरच्या उतारावर हात जाईल एवढी भेग पडली. पाहणीला आलेल्यांनी घर सोडायला सांगितलं. मामा ऐकेना. मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून समजावायला घरच्यांनी मला पाठवलं.

मी वर्गात सांगते तेच पडवीत बसून सांगितलं. सह्याद्री हा खरं तर पठाराचा तुटका काठ आहे. देशावरून येताना तो डोंगर वाटतच नाही, घाटमाथ्यावर पोचल्यावर एकदम जमीन संपते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला. पुढे भूमी फाटली. सेशेल्स बेटांचा तुकडा आपल्यापासून वेगळा होऊन दूर गेला, मधे समुद्र आला आणि आपल्याकडे उंच काठ राहिला. तेव्हा तो काठ आजच्यापेक्षा पश्चिमेला होता. पावसानं आणि ओढ्यांनी त्याला पोखरत पोखरत मागे रेटलं.

महाबळेश्वरच्या देवळात कृष्णा आणि सावित्री एकाच ठिकाणी उगम पावतात असं आपण मानतो. कृष्णेला अरबी समुद्र सरळ रेषेत ६५ किलोमीटरच्या आसपास, तरी ती पूर्वेला वळून १४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री मात्र कड्यावरून थेट खाली उतरते. तिची धाव थोडी आणि उतार जबर, म्हणून ती डोंगर जास्त जोरानं कापते.

"आणि कडा मागे सरकतो म्हणजे काय होतं, मामा? तो पडतो. कातळावर कुजलेल्या दगडाची माती बसलेली असते. पाणी मुरलं की ती जड होते, तिची पकड सुटते आणि सगळा उतारच खाली येतो."

मामानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अगं, तो धोंडा कुठून आला असं वाटतं तुला?"

मी गप्प झाले.

"वरनंच आला. आणि ही मातीसुद्धा. वरकसाला पाणी ठरत नाही, इथं ठरतं. डोंगर पडला नसता तर आपण खाल्लं काय असतं?"

विदारण, झीज, संचयन हे शब्द मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. पण ज्या खाचराच्या तांदळाचा भात खाऊन मी वाढले, ते जुन्या दरडींचंच आहे, हे मला कधी सुचलं नव्हतं. मामाला ते माहीत होतं. मात्र, "पडला तेव्हा खाली कुणाचं घर होतं का?" असं मी विचारलं, तेव्हा त्यालाही उत्तर देता आलं नाही. बराच वेळ तो कड्याकडे बघत राहिला.

त्यानं घर सोडलं नाही. पण आता मृग लागला की रात्री झोपायला तो पोलादपुरात मावशीकडे जातो. सकाळच्या पहिल्या एसटीनं परत येतो आणि आधी उतारावर चढतो. भेगेच्या दोन्ही बाजूंना त्यानं खुंट्या ठोकून मधे सुतळी बांधली आहे.

पाऊस लागला की मी रोज फोन करते. जेवलास का, हे नंतर विचारते. आधी विचारते, "सुतळी ताणलीय का?"