बाहेरून आलेली ॲप्स

लग्नपत्रिका, आरटीओचं चलान, पीएम किसानचा हप्ता. अशा नावांच्या एपीके फायली, म्हणजे फोनवर ॲप बसवणाऱ्या फायली, व्हॉट्सॲपवर फिरत असतात. उघडली, बसवली, एसएमएस वाचायची परवानगी दिली, की बँकेचा ओटीपी भलत्याच्याच हाती. फाइल पुष्कळदा ओळखीच्या नंबरावरून येते, कारण त्या बिचाऱ्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. फसलेल्यांना हसणाऱ्यांनी ऐन लग्नसराईत आपण किती पत्रिका न बघता उघडतो ते आठवावं.

*

गूगलने ऑगस्ट २०२५मध्ये यावर उपाय जाहीर केला. ॲप बनवणाऱ्याने आपली खरी ओळख गूगलकडे नोंदवायची. नाही नोंदवली तर प्रमाणित अँड्रॉइड फोनवर ते ॲप बसणार नाही, प्ले स्टोअरच्या बाहेरून घेतलं तरीही. सप्टेंबर २०२६पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड. २०२७पासून हळूहळू इतर देश. कंपनी म्हणते, इंटरनेटवरून थेट उतरवलेल्या ॲप्समध्ये प्ले स्टोअरच्या ५० पटींहून जास्त मालवेअर सापडतं. असेलही. मोजणारा आणि दुकानदार एकच, एवढं ध्यानात ठेवावं.

*

एफ-ड्रॉइड हे प्ले स्टोअरबाहेरचं ॲप-भांडार २०१०पासून मुक्त सॉफ्टवेअर वाटतं. खातं उघडावं लागत नाही. हा नियम आला तर आमचं काम संपलं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ॲप लिहिणाऱ्यांवर ते गूगलच्या नोंदणीची सक्ती करू शकत नाहीत आणि दुसऱ्याचं ॲप स्वतःच्या नावावर चढवूही शकत नाहीत.

*

नोव्हेंबर २०२५मध्ये गूगल थोडं नरमलं. धोका पत्करून ॲप बसवू पाहणाऱ्या जाणकारांसाठी वेगळी वाट, विद्यार्थी आणि हौशी मंडळींसाठी साधं खातं. ओरडा केला की उपयोग होतो म्हणायचा.

*

ओळखपत्राने चोर अडतो का? लुटीचे पैसे ज्या बँक खात्यांतून फिरतात, त्यांचीही केवायसी झालेलीच असते. खातं भाड्याने मिळतं तिथे डेव्हलपरचं नाव मिळायला कितीसा वेळ लागणार? त्यापेक्षा २०२४मध्ये गूगलनेच भारतात सुरू केलेला प्रयोग मला पटतो: बाहेरून आलेलं ॲप एसएमएस, नोटिफिकेशन किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागत असेल, तर प्ले प्रोटेक्ट, म्हणजे अँड्रॉइडचा पहारेकरी, ते बसूच देत नाही. इथे नाव कुणी विचारत नाही, हात कुठे घालतोय ते बघतात.

*

ॲप अधिकृत दुकानातूनच घ्या, हा सल्ला सोपा. मार्च २०२४मध्ये शुल्काच्या वादात गूगलने भारत मॅट्रिमनी, नोकरी, ९९एकर्स ही ॲप्स प्ले स्टोअरवरून काढली होती. सरकार मध्ये पडलं, मग काही दिवसांत परत आली. त्यात मालवेअर नव्हतं.

*

ॲपलने युरोपात २०२४मध्ये इतर ॲप-दुकानांना दार किलकिलं केलं, तेही तिथल्या कायद्यामुळे. पुण्यातल्या आयफोनला ती सोय नाही.

*

भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप पोचवण्यात आडकाठी करू नका, असंही बजावलं. मार्च २०२३मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. आडकाठीबद्दलचा आदेश मात्र रद्द केला.