सात बाटल्या

आमचं गाव बेळंकी. मिरजेहून पंढरपूरला जाणारी, अडीच फुटी रुळांची बारकी गाडी १९२७ पासून आमच्या शिवारातून जायची. आमचं मोठं जग म्हणजे तिचं शेवटचं टोक, मिरज जंक्शन.

२००२ सालच्या मे महिन्यात मिरजेच्या मामानं आम्हा बहीणभावाला 'हॅरी पॉटर'चा पहिला सिनेमा दाखवला. हिंदीतला. आक्का दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली, मी नववीत जाणार होतो. लंडनच्या स्टेशनात नऊ आणि दहा नंबरच्या फलाटांमधल्या भिंतीत पोरगं ढकलगाडीसकट घुसलं, तसा मामा म्हणाला, "आपल्या जंक्शनात असं असतं तर तिकीट कुणी काढलं असतं रं?" आजूबाजूची माणसं हसली. आक्का मात्र त्या हर्मायनीकडंच बघत होती. परतताना गाडीत म्हणाली, "त्या पोरीला समदं येतंय बघ."

आक्कालाही येत होतं. गणितात तिचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. निकाल लागला, फर्स्ट क्लास मिळाला. पण कॉलेज मिरजेला. "पोरीच्या जातीनं रोज गाडीनं जायाचं?" एवढ्यावर विषय मिटला. अठरा पुरी व्हायच्या आत तिला सलगऱ्याला दिली. दोन वर्षांनी त्याच गाडीचा पास मला काढून मिळाला. मी काही बोललो नाही. पास आपल्या खिशात असल्यावर कशाला बोलतोय?

कॉलेजात असताना त्या पुस्तकाचं मराठी भाषांतर हाती आलं. वाचताना कळलं, सिनेमात पुष्कळ गाळलंय. पीव्ह्ज नावाचं खोडकर भूत तर औषधालाही नाही. त्याचं काही वाटलं नाही. अडीच तासांत सगळं पुस्तक कसं बसायचं? पण शेवटाकडं एक खोली आहे. टेबलावर सात बाटल्या आणि कोड्याचा एक कागद. तीन बाटल्यांत विष, दोनांत नुसती दारू, एक पुढं जाऊ देणारी, एक मागं फिरवणारी. तिथं मंत्र चालत नाही, डोकं चालवावं लागतं. हर्मायनी कोडं सोडवते म्हणून हॅरी पुढं जातो. सिनेमात उडत्या किल्ल्या आहेत, बुद्धिबळ आहे, ही खोलीच नाही.

पुस्तक घेऊन मी सलगऱ्याला गेलो. आक्का चुलीपुढं होती, कडेवर पोरगी. म्हटलं, "आक्का, एवढं सोडव. पुढचं पान उलटू नगंस." तिनं पोरगी माझ्याकडं दिली, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं सात बाटल्या काढल्या आणि फुल्या मारत बसली. भाकरी तव्यावर करपली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "हे सुटणार न्हाई."

"अगं, पुस्तकात सुटलंय की!"

"सुटलं असंल. हितं म्हणलंय, सगळ्यात मोठ्या आन् सगळ्यात बारक्या बाटलीत विष न्हाई. पर मोठी कुठली, बारकी कुठली, ते कुठं सांगितलंय? त्या पोरीच्या म्होरं बाटल्या हुत्या, बाळू. माझ्या म्होरं कुठं हाईत?"

मी पुन्हा वाचलं. तिचं खरं होतं. मी कॉलेजात शिकणारा, ते पान सरळ उलटून पुढं गेलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, पण ती तोवर दुसरी भाकरी थापायला बसली होती.

पुढं बारकी गाडी बंद झाली, रुंद रूळ आले. आक्कानं दुधाच्या पैशातून लेकीला मिरजेच्या कॉलेजात घातलं. गाडीचा पास काढायला स्वतः स्टेशनावर गेली. घरात कुणाला विचारलं नाही.

मध्यंतरी गेलो तेव्हा भाची मोबाइलवर तोच सिनेमा बघत होती. आक्कानं भांडी घासता घासता विचारलं, "ती बाटल्यांची खोली घातलीया का गं आता?"

"कसली खोली, आई?"

"मामाकडं पुस्तक हाय. माग त्याच्याकडनं," आक्का म्हणाली. "आन् जाताना कागद-पेन्सिल घिऊन बस."