रिकामा पॅटर्न

चुकीचा कोड कंपायलरने नाकारला की नाही, हे तपासायला फारशी अक्कल लागत नाही. नाकारताना तो जे बोलला ते धड होतं का, याची टेस्ट लिहिताना मात्र माझी अजून चिडचिड होते. फणसवाडीतल्या खोलीत रात्री टेस्ट स्वीट चालू करून बसलं की घरचे म्हणतात, भांडण कुणाशी चाललंय?

भांडण पॅटर्नशी. जीसीसी या कंपायलरच्या टेस्टमध्ये दोषी ओळीपुढच्या कॉमेंटमध्ये डीजी-वॉर्निंग लिहून अवतरणात अपेक्षित मजकूर द्यायचा. पूर्ण वाक्य दिलं तर उद्या कुणी शब्द सुधारले की टेस्ट आडवी. ‘मे बी यूज्ड अनइनिशिअलाइज्ड इन धिस फंक्शन’ या वॉर्निंगमधले शेवटचे तीन शब्द पुढे उडाले, ज्यांनी शेपटासकट पॅटर्न लिहिले होते ते निस्तरत बसले. अवतरण रिकामं सोडलं, तर त्या ओळीवर कसलीही वॉर्निंग येवो, टेस्ट पास.

हाताखाली आलेली नवी मुलगी सर्रास रिकामं सोडते. बोललो तर म्हणाली, “सर, ओळ तर बरोबर आली ना?” मी मोठं व्याख्यान झोडलं, पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण ओळ तरी कुठे हातची असते? ती अनइनिशिअलाइज्डची वॉर्निंग ऑप्टिमायझरच्या पोटातून येते. ओ-शून्य या ऑप्टिमायझेशन-पातळीला गप्प, ओ-दोनला बोलते, आणि फंक्शन इनलाइन झालं की भलत्याच ओळीवर बोट ठेवते. हल्ली मी व्हेरिएबलचं नाव आणि वाक्याचा कणा एवढंच पॅटर्नमध्ये ठेवतो. तरी समाधान नाही.

रस्टवाले सगळा मजकूर फाइलीत साठवतात. बदलला की ‘ब्लेस’ म्हणायचं, नव्या फाइली तयार. छान दिसतं, पण शेकडो फाइलींचा तो डिफ वाचतो कोण? एलएलव्हीएमच्या फाइलचेकमधलं ‘चेक-नॉट’ त्याहून फसवं. नको असलेल्या संदेशाचे शब्द बदलले की ती टेस्ट जन्मभर पास. आणि खरं सांगतो, माझी टेस्ट दुसऱ्याचा पॅच अडवते तेव्हा मला गुदगुल्या होतात. पॅच चांगला असला तर जास्तच.

पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकरांनी जीसीसीच्या कार्यशाळा घेतल्या, आपली पोरं जिम्पलला, म्हणजे जीसीसीच्या पोटातल्या भाषेला, घाबरेनाशी झाली. पण संदेशाच्या वाक्यावर काम करायला सांगा, तोंडं वाकडी होतात. त्यात मानमरातब नाही ना!

२०१३च्या ४.८ आवृत्तीपासून जीसीसी चुकीच्या जागेखाली बाण दाखवतो. वापरणाऱ्याची नजर आधी तिथे जाते. आमच्या स्वीटमध्ये मात्र तो बाण मुळातच बंद करून टेस्ट चालतात, नाहीतर निकालात कचरा होतो. बाणासकट अनेक ओळींचा मजकूर ताडून बघायची सोय डीजी-बिगिन-मल्टिलाइन-आउटपुटमध्ये आहे. लिहायला कंटाळवाणी आहे, कबूल. पण नवी वॉर्निंग घालणाऱ्यांनो, एक तरी टेस्ट बाण चालू ठेवून लिहा.